चार की सात

९ जानेवारी

आत्या,

ड्यूटीवर असताना तू फोन कपाटात ठेवतेस आणि घरी आलीस की तो कुठे ठेवला ते शोधत बसतेस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. बातमी मोठी आहे. आमची यंत्रणा ज्या हॉस्पिटलमध्ये बसणार आहे ते तुझंच हॉस्पिटल. मी काही वशिला लावलेला नाही, तुमच्याकडचा रस्ता वळणावळणाचा आहे म्हणून निवड झाली.

चार नंबर आणि सात नंबर अशा दोन ॲम्ब्युलन्समध्ये आमची पेटी बसेल. पेशंटला वायरी लावल्या की त्याचा ईसीजी वाटेतूनच तुझ्या कॅज्युअल्टीतल्या पडद्यावर दिसायला लागेल. गाडी दारात यायच्या आधीच तुम्ही तयार.

यात माझं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी सांगायला लागल्यावर भाजी बघायला उठून गेली होतीस. आता पळता येणार नाही, ऐक. रस्त्याच्या कडेने आमचे खांब आहेत. गाडी एका खांबाच्या टप्प्यात आली की खांब तिला एक पत्ता देतो. त्या पत्त्यावरूनच कळतं, की ही माहिती कुठल्या गाडीची. खांब बदलला की पत्ता बदलला. आधी काय व्हायचं, गाडी पत्ता मागायची, खांब वर विचारायचा, वरून होकार यायचा, मग गाडी आजूबाजूला विचारायची, की हा पत्ता आधी कुणी घेतलेला नाही ना. एवढं होईपर्यंत गाडी पुढच्या खांबाकडे पोचलेली. मग पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर रेघ कमी आणि अंधार जास्त. आता आम्ही असं केलंय, की पुढचा खांब पत्ता आधीच काढून ठेवतो. गाडी आली, घेतला, चालू. विचारपूस नाही.

कसं चाललंय ते कळव. कौतुक असेल तर सविस्तर कळव.

तुझी खारू

२३ जानेवारी

खारू,

सविस्तर कौतुक करते. तुझा पडदा बसला. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर, जिथे आधी सुट्ट्यांचा तक्ता होता तिथे. त्यामुळे आता कुणाची सुट्टी कधी हे कुणालाच कळत नाही आणि त्याचा दोष तुझ्यावर आहे.

पण मजा वाटते ग. काल एक आजोबा गाडीत होते आणि त्यांची रेघ माझ्यासमोर. मी डॉक्टरांना म्हटलं, हे येताहेत, घाबरलेत पण काळजीचं नाही. आजोबा आले, आणि तसंच. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही तर ज्योतिषी झालात. इतकी वर्षं आम्ही दारात उभं राहून सायरनची वाट बघायचो आणि पडदा उघडल्यासारखा दरवाजा उघडला की कळायचं आत काय आहे.

एकच तक्रार. पुलाजवळच्या वळणावर रेघ अजून तुटते. तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागतो. चार नंबरचे नाना म्हणतात, मी तिथे हळू चालवू का. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या वेगाने या, माझी पुतणी बघेल काय ते. चूक झाली. तू भाऊच्या पोटची, म्हणजे पुतणी, ना? नाही, भाची. बघ, पुतणीच लिहून बसले. भाऊला सांगू नकोस, नात्यात चुकले तर तो वर्षभर चिडवील.

आत्या

४ फेब्रुवारी

आत्या,

पुतणी तर पुतणी, लाड तेवढेच कर.

वळणाचं निस्तरलं. तिथे दोन खांब अगदी जवळ आहेत, एक पुलावर आणि एक पुलाखालच्या रस्त्याला. दोघांकडे मिळून पत्ते थोडे, आणि एखादी गाडी निघून गेली तरी तिचा पत्ता बराच वेळ राखून ठेवलेला असायचा, त्यामुळे नव्या गाडीला थांबावं लागायचं. मी सुचवलं, की गाडीने पत्ता सोडला रे सोडला, की लगेच पुढच्या गाडीला द्यायचा. साहेबांना फार आवडलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, इतकं साधं कुणाला सुचलं नाही. मी घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली, हे फक्त तुला सांगतेय.

आता रेघ तुटणार नाही. बघ आणि सांग.

खारू

२१ फेब्रुवारी

खारू,

रेघ तुटत नाही. पण एक झालंय आणि ते मला नीटसं लावता येत नाही, म्हणून तुला जसंच्या तसं सांगते.

मंगळवारी दुपारी दोन्ही गाड्या एकदम निघाल्या. चारमध्ये छातीत दुखणारे एक गृहस्थ, पेट्रोल पंपाचे मॅनेजर. सातमध्ये जिन्यावरून पडलेल्या एक बाई, पाय मोडलेला. नियम म्हणून त्यांनाही वायरी लावलेल्या. मी पडद्यासमोर. गाड्या पुलाशी आल्या आणि सातची रेघ एकदम बिघडली. बघवेना अशी. चारची रेघ शहाण्या मुलासारखी सरळ. मी ओरडून सांगितलं, सातच्या बाईंचं हृदय जातंय, सगळे तिकडे या. डॉक्टर, सिस्टर, मशीन, सगळं सातच्या दाराशी.

सातचं दार उघडलं तर बाई ड्रायव्हरला झापत होत्या, की खड्डे काय माझ्याचसाठी शोधून काढले का. चेहरा लालबुंद, आवाज खणखणीत. आम्ही सगळे बघतच राहिलो. आणि बाजूला चार नंबर येऊन उभी होती, नाना हाका मारत होते आणि आमच्यातलं कुणी वळून बघत नव्हतं. ते मॅनेजर राखेच्या रंगाचे झाले होते. वाचले, पण फार ओढाताण झाली.

मी परत पडद्याकडे धावले. तर पडद्यावर सगळं बरोबर. चारची रेघ वाईट, सातची चांगली. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही चार बघून सात म्हणालात. सौम्यपणे म्हणाले, माणूस चांगला आहे. पण मी सातच बघितलं होतं. मला वाटतं, सातच बघितलं होतं.

तुझ्या पडद्यात असं काही होऊ शकतं का? नसेल तर नाही म्हण.

आत्या

१ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं तसं मी कामाला लागले. त्या दुपारची सगळी नोंद यंत्रात असते, ती आम्ही तिघांनी बसून पाहिली. दोन गाड्यांना एकाच वेळी एकच पत्ता गेला तर घोळ होऊ शकतो, ती एकच भीती होती. तसं कुठेही झालेलं नाही. दोघींचे पत्ते प्रत्येक क्षणी वेगळे. साहेबांनी हॉस्पिटलला तसं कळवलंसुद्धा, की यंत्रणा स्वच्छ आहे.

तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. दोन पेशंट एकदम, सगळे घाईत, आणि पडद्यावर चार आणि सात एकाखाली एक. माझ्याकडूनही झालं असतं. आकडे मोठे आणि वेगवेगळ्या रंगांत करायला मी सांगितलंय. म्हणजे पुन्हा असं होणार नाही.

मॅनेजर वाचले ना, मग झालं तर.

खारू

२ एप्रिल

खारू,

रंग छान आहेत. चार हिरवा, सात निळा.

मी सध्या रजेवर आहे. बरीच साठली होती. घर आवरतेय. वरच्या कपाटातून तुझे लहानपणचे बूट निघाले, दोन्ही डाव्या पायाचे. उजवे कुठे गेले देव जाणे. दुपारी झोपते, संध्याकाळी चालायला जाते, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मी किती मजेत आहे ते सांगते.

एक विचारायचं होतं. आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा तू शाळेत होतीस आणि तिच्याच खोलीत झोपायचीस. अगदी सुरुवातीला काय व्हायचं, तुला आठवतं का? म्हणजे नावं विसरायची त्याच्याही आधी. तिला स्वतःला कळत होतं का? तिने कधी तुला विचारलं होतं का, की मी आत्ता काय म्हणाले?

सहज विचारतेय. कपाट आवरताना तिचा चष्मा सापडला म्हणून.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

तू रजा घेतलीस म्हणून मी आनंदाने बाबांना फोन केला, की आत्या शेवटी एकदाची आराम करतेय. ते म्हणाले, तिने घेतलेली नाही, तिला घ्यायला लावली. दुसऱ्यांदा काहीतरी झालं, पण काय ते तुझी आत्या मला सांगत नाही, दार लावून बसते.

मला सांग. आणि आजीबद्दल विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही, कारण तू कशासाठी विचारतेयस ते मला कळलंय. मागच्या पत्रात मी किती सहज लिहून टाकलं, की घाईत झालं असेल. ते आता वाचवत नाही.

दोन्ही वेळचं लिही. पडदा कधी बिघडलेला दिसला आणि कधी सुधारलेला, गाड्या कुठे होत्या, तू कुठे होतीस. गोंधळाचं असलं तरी गोंधळाचं तसंच लिही. मी लावते.

खारू

१६ एप्रिल

खारू,

लिहिते. पण मी लिहितेय म्हणजे तसंच झालं असेल असं धरू नकोस. मीही आता धरत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं, की चूक माझीच. पण पडद्यासमोर बसलं की मन मानेना. दोन्ही गाड्या एकदम आल्या की वाटायचं, आत्ता दिसतंय ते खरं की उलटं? मी मनातल्या मनात अदलाबदल करून बघायची, मग परत सुलट करायची. मग कुठलं सुलट तेच कळायचं नाही.

मार्चच्या शेवटी पुन्हा दोन गाड्या आल्या. सातमध्ये बाजारातले म्हातारे शिंपी, धाप लागलेली. चारमध्ये एक शिक्षिका, बोटं दारात चिरडलेली. पुलाजवळ सातची रेघ बिघडली. सगळं मंगळवारच्यासारखंच. मी म्हटलं, नाही, या वेळी फसायचं नाही. मी नानांना फोन लावला. आवाज तुटत होता, मला "त्रास" एवढंच ऐकू आलं. मी सगळ्यांना चारच्या दाराशी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, पडदा सात सांगतोय. मी म्हटलं, माझं ऐका, पडदा उलटा आहे.

पडदा सुलट होता. शिक्षिकेच्या बोटांना बर्फ लावायला आम्ही सगळे धावलो आणि शिंपी दारातल्या ट्रॉलीवर श्वास शोधत पडले होते. आयसीयूत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच दमलेलं होतं, तसेही गेले असते. त्यांना ते खरंच वाटतं की माझ्यासाठी म्हणाले, तेही मला कळत नाही.

तू विचारलंस, पडदा सुधारला कधी. पहिल्या वेळी मी सातच्या दारातून धावत परत आले तेव्हा सुधारलेला होता. म्हणजे गाड्या फाटकातून आत आल्यानंतर. पुलापासून फाटकापर्यंत उलटा होता, असला तर.

बुधवारी स्मरणाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शब्द सांगून नंतर विचारले. मुलगी तुझ्याच वयाची, फार गोड बोलते. तुम्ही विसरता असं कुणी सांगितलं, म्हणाली.

आत्या

३ मे

आत्या,

आधी मुद्द्याचं. तू सातच बघितलं होतंस.

फाटकाशी सुधारलं हे तू लिहिलंस आणि मी तिथेच अडले. फाटकावरच्या खांबाकडे चार आणि सातसाठी कायमचे ठरलेले पत्ते आहेत. तिथे चूक होऊच शकत नाही. म्हणजे चूक असलीच तर पुलापाशी.

मी आणि आमच्यातला एक सहकारी, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तुमच्या गावाला आलो. तुला भेटायला आले नाही, कारण हाती काही नसताना तुझ्यासमोर बसायचं धाडस नव्हतं. दोन भाड्याच्या गाड्यांत पेट्या ठेवल्या आणि स्वतःलाच वायरी लावल्या. लंबू प्रत्येक फेरीआधी रस्त्याकडेला उड्या मारायचा, म्हणजे त्याची रेघ धावती आणि माझी संथ. लोक थांबून बघायचे. तो पुलावरून खाली यायचा, मी खालून वर जायची; तुमचे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना ओलांडून पुढे फाटकाशी मिळतात. कितीतरी फेऱ्या झाल्या, काही नाही. एकमेकांच्या अगदी समोरून गेलो तेव्हाच झालं. मांडीवरच्या छोट्या पडद्यावर माझं नाव होतं आणि त्याच्यापुढे लंबूचं धडधडणारं हृदय. मी माझ्या मनगटावर बोट ठेवून बसले होते. मनगट एक सांगत होतं आणि पडदा दुसरंच. मलाही क्षणभर वाटलं, की माझंच काहीतरी चुकतंय. तू हे दोन महिने सोसलंस.

झालं होतं असं. तुमच्या चारने पुलाखालच्या खांबाचा पत्ता सोडला आणि सातने पुलावरच्या खांबाचा. सोडलेला पत्ता लगेच दुसऱ्याला द्यायचा हे माझंच डोकं. त्यामुळे चारचा पत्ता सातला मिळाला आणि सातचा चारला. दोघींचे पत्ते प्रत्येक क्षणी वेगळे होते, म्हणून आमच्या तपासणीत काही दिसलं नाही. पण हॉस्पिटलच्या यंत्राला कुणी सांगितलंच नाही, की भाडेकरू बदललेत. ते जुन्या पाट्या वाचत राहिलं.

शिंप्यांच्या वेळी गाड्या समोरासमोर आल्या नाहीत. पडदा खरा होता. ते मी बदलू शकत नाही. पण तू तेव्हा पडद्यावर विश्वास ठेवला नाहीस, कारण त्याने तुला आधी फसवलं होतं, आणि आम्ही तुला सांगितलं की फसवलंच नाही.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात मोठं प्रात्यक्षिक आहे, तोवर शांतपणे दुरुस्त करू, बोभाटा कशाला. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मी सकाळीच फोन करून सगळं सांगितलंय. माझं टेबल आता दुसऱ्या मजल्यावर आहे, जिथे बिलांची यंत्रं सांभाळतात. लंबू जेवायला खाली येतो.

पडदे बंद आहेत. पुन्हा सुरू होतील तेव्हा सोडलेला पत्ता काही वेळ तसाच रिकामा राहील आणि गाडीने स्वतःची ओळख सांगितल्याशिवाय रेघ दिसणार नाही. वळणावर पडदा थोडा वेळ कोरा पडेल.

मला काय वाटतं ते लिहिता येत नाही. तूच काहीतरी लिही.

खारू

१९ मे

खारू,

डॉक्टर घरी आले होते. भाऊही होता. डॉक्टरांनी चहा घेतला नाही, आधी सगळं सांगितलं आणि मग घेतला. भाऊ मधेच उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मी डॉक्टरांना म्हटलं, सोमवारपासून येते. डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट अजून आणलेला नाही. आणीन.

तुला वाटत असेल, मला हलकं वाटलं असेल. वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटलं. मग वाटेना. मॅनेजरांच्या वेळी माझं बरोबर होतं, आणि शिंप्यांच्या वेळी चुकलं ते चुकलंच. एकातून दुसरं निघालं हे कळतं. पण कुठे तुझं संपतं आणि कुठे माझं सुरू होतं, ते मला लावता येत नाही. तूही लावत बसू नकोस.

काल मी शिंप्यांच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांची बायको मशीनशी बसली होती, मशीन बंद. मी माझी ओळख दिली आणि सगळं सांगितलं, पूल, खांब, पत्ते, माझं सगळ्यांना दुसऱ्या दाराशी पाठवणं. तिने ऐकून घेतलं. कितपत समजलं कुणास ठाऊक. मी थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, की शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं. तिला आत सोडलं तोवर ते बोलायचे थांबले होते.

मी म्हटलं, सकाळी मी होते. ड्यूटी नव्हती, पण मी जाऊन बसले होते.

"काही बोलले?"

मी म्हटलं, बोलले, पण मला वाटलं ग्लानीत आहेत. म्हणाले, निळा कोट राहिलाय, तिला सांगा, डावी बाही अर्धा बोट आखूडच आहे, उजवीसारखी करू नकोस, त्या माणसाचा हातच तसा आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, खांद्याला सुरकुती येऊ देऊ नकोस, वाफ देऊन बसव.

ती उठली आणि मागच्या खुंटीवरून एक निळा कोट काढून आणला. एक बाही लावलेली, दुसरी नुसती कापलेली, खिशात खोचलेली. म्हणाली, दोन बाह्या जुळत नाहीत म्हणून मी इतके दिवस हात लावला नाही. चाळीस वर्षांत त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं. मला वाटलं, शेवटी हातातलं गेलं त्यांच्या. कुणाला दाखवलंसुद्धा नाही मी.

तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. बाहीचं, खांद्याचं, वाफेचं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

मग तिने चष्मा लावला, टाचण्यांची डबी पुढे ओढली आणि कोटाचा खांदा माझ्या हातात दिला. मी धरून उभी राहिले आणि ती डावी बाही लावत गेली.

आत्या